तहाला बसलेली साखर

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं आणि काटेवाडी मागे टाकली, की थोड्या वेळात हवेत मळीचा आंबूस-गोडसर वास येतो. समजायचं, भवानीनगर आलं. हंगाम चालू असेल तर रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रांगेत उभ्या असतात आणि छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळ्या पडत असतात. तिथल्या गोदामात राहणाऱ्या एकीची ओळख करून द्यायची आहे. तुमची तिची गाठ रोज चहाच्या कपात पडते, पण तेव्हा ती विरघळण्याच्या घाईत असते, बोलायला तिला सवड नसते. तिला निवांत भेटायचं तर पोत्यांच्या थप्पीपाशीच.

दिसण्याची हौस तिला अतोनात. उसाचा रस मूळचा मळकट, हिरवट-करडा. तिथून पांढरीशुभ्र होण्यासाठी ती चुन्याची निवळी सोसते, गंधकाची धुरी घेते, उकळते, आटते, पॅनमध्ये दाणा धरते आणि शेवटी गरगर फिरणाऱ्या मशीनमध्ये अंगावरची मळी झटकून बाहेर येते. दाणा मोठा निघाला तर एम-30 म्हणवून घेते, बारीक निघाला तर एस-30. मोठ्या दाण्याला क्विंटलमागे चार पैसे जास्त मिळतात हे तिला पक्कं ठाऊक आहे. गुऱ्हाळातला गूळ आपला जन्मरंग अंगावर घेऊन बसलेला असतो. त्याच्याकडे ती ढुंकून बघत नाही.

स्वभाव मात्र हळवा. जून लागला, हवेत ओल आली की ती रुसते, अंग चोरून घेते, ढेकळं धरते. म्हणून तिची पोती थेट जमिनीवर ठेवत नाहीत आणि पावसाळ्यात गोदामाची दारं उगाच उघडत नाहीत. तिची मर्जी सांभाळणारे गोदामातले लोक तिला चांगलं ओळखतात. पण तिचा खरा राग त्यांनीही पाहिलेला नाही. तो तिच्या तरुणपणातला आहे आणि त्या रागापायी अर्ध्या जगात तोफा चालल्या आहेत.

बालपण तिचं आपल्याच देशातलं, शांत. उसाचा रस आटवून त्याचा दाणा करायची विद्या इथलीच. 647 साली चीनच्या तांग सम्राटाने, ताइत्सुंगने, ही विद्या शिकायला मगधात माणसं पाठवली. फौजेशिवाय, वकिलात म्हणून. ती आली, बघून-शिकून परत गेली. हिच्या आयुष्यातली परराष्ट्रांशी पहिली मोठी भेट ही अशी सभ्य होती आणि तिच्या चारित्र्याबद्दल बोलताना मी ही गोष्ट मुद्दाम आधी सांगतो. कारण पुढचं सांगायला जड जातं.

अरबांच्या सोबतीने ती पश्चिमेला गेली, भूमध्य समुद्र ओलांडला, अटलांटिक ओलांडला आणि कॅरिबियन बेटांवर जाऊन बिघडली. बिघडली म्हणणंही कमीच. तिच्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसं पकडून आणली गेली. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत कोंबलेल्या माणसांची संख्या सव्वा कोटीच्या आसपास भरते आणि त्यांतली फार मोठी संख्या उसाच्याच वाट्याला गेली. तिच्या अंगाचा हा डाग कोणत्याही गंधकाने जाणारा नाही. तिच्यावर माया असणाऱ्यानेही तो झाकू नये.

त्या काळात तिचा तोरा काय वर्णावा! इंग्रज आणि फ्रेंच राजे तिच्या एकेका बेटासाठी आरमारं झुंजवत. 1667 च्या ब्रेडाच्या तहात डचांनी उसाचं सुरीनाम ठेवून घेतलं आणि न्यूयॉर्क इंग्रजांकडे राहू दिलं. सौदा बरा झाला असंच त्यांना वाटलं. पुढे सात वर्षांच्या युद्धात इंग्रजांनी 1759 साली ग्वादलूप जिंकलं, 1762 साली मार्टिनिक जिंकलं. 1763 मध्ये पॅरिसला तहाची बोलणी झाली तेव्हा फ्रान्सने ही दोन बेटं परत मागून घेतली आणि त्यापायी अख्ख्या कॅनडावर पाणी सोडलं. एका पारड्यात कॅनडा, दुसऱ्यात ही, आणि पारडं हिचं जड! एवढा भाव मिळाल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहील?

पण या बेटांवर जाणाऱ्या फौजांना तिने जे दिलं ते बघा. फ्रान्सच्या ताब्यातलं सां-दोमांग हे तिचं सगळ्यांत संपन्न घर. तिथल्या गुलामांनी 1791 साली उठाव केला. ती वसाहत गिळायला 1793 मध्ये इंग्रजी फौज उतरली. पाच वर्षांत हजारो शिपाई पिवळ्या तापाने मेले आणि उरलेले परत गेले. मग नेपोलियनने आपला मेहुणा लेक्लेर याला वीस हजारांहून मोठी फौज देऊन पाठवलं. लेक्लेर स्वतः 2 नोव्हेंबर 1802 रोजी तापाने मेला, फौजेची धूळधाण झाली आणि 1 जानेवारी 1804 ला ती वसाहत हैती नावाने स्वतंत्र झाली. तिच्यासाठी दोन साम्राज्यांनी खजिना आणि पोरं घालवली. तिचा एक दाणाही हाती लागला नाही.

लेक्लेर मेला त्याच 1802 सालचा पावसाळा आणि हिवाळा आपल्या बारामतीच्या इतिहासातही नोंदलेला आहे, म्हणून जरा थांबतो. यशवंतराव होळकर पेशव्यांशी बोलू पाहत होते. भाऊ विठोजी याला 1801 साली पुण्यात हत्तीच्या पायी दिल्याचं दुःख मनात होतं, तरी त्यांची मागणी पुरी होण्यासारखी होती. दुसऱ्या बाजीरावाने ती नीट ऐकून घेतली नाही. 8 ऑक्टोबर 1802 रोजी होळकरांचे सरदार फत्तेसिंग माने यांनी बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. 25 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसरची लढाई झाली. बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून बसला. सहा हजारांची इंग्रजी पलटण आणि तिच्या खर्चापोटी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख, ही त्या तहाची किंमत. आपल्या माणसाशी जे बोलणं ऑक्टोबरात करायचं होतं, ते डिसेंबरात परक्याशी करावं लागलं. तह हा शहाणपणाचा असतो तसा घाबरटपणाचाही असतो, आणि त्यांतला फरक बहुधा वेळेचा असतो.

आता आपल्या नायिकेची मुख्य खोड. ती पकडणाऱ्याच्या हाती राहत नाही. नेपोलियनने 1806 साली युरोपची बंदरं इंग्रजी मालाला बंद केली आणि इंग्रजी आरमाराने समुद्र अडवला. बेटांवरची साखर युरोपात येईना. ही रडत बसली नाही. बर्लिनच्या मार्ग्राफने 1747 मध्येच बीटाच्या कंदात तिला शोधून ठेवलं होतं आणि त्याचा शिष्य आखार्ड याने सायलेशियात कारखानाही काढला होता. नेपोलियनने 1811 साली 32 हजार हेक्टरांवर बीट लावायचा हुकूम सोडला. 1812 च्या जानेवारीत तो पासीच्या कारखान्यात गेला, दलेसेरने काढलेली बीटाची साखर बघून इतका खूश झाला की सन्मानपदक तिथल्या तिथे त्याच्या छातीवर लावलं. दीडशे वर्षं ज्या बेटांसाठी जहाजं बुडवली, ती बेटं बाजूला ठेवून ही थंड मातीत कंद होऊन उगवली. जे लढून घ्यायचं ते तेवढ्या वेळात दुसरीकडे पिकायला लागतं, हा धडा राष्ट्रांना मिळाला तो हिच्याकडून, असं मला वाटतं. बांधासाठी कोर्टात गेलेल्या दोन भावांचं रान शेवटी वकिलांच्या फीमध्ये जातं, तसं युरोपच्या तिजोऱ्यांचं झालं होतं.

तोफा थांबल्या म्हणून ती सरळ झाली असं नाही. तिने भांडणाची तऱ्हा बदलली. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, फ्रान्स आपापल्या बीटाच्या साखरेला निर्यातीवर बक्षिसी देऊ लागले. प्रत्येक सरकार आपल्या करदात्याच्या खिशातून पैसे काढून इंग्रजांचा चहा गोड करत होतं. ही स्वस्तातली साखर मुंबई-कलकत्त्याच्या बंदरातही उतरली आणि इथल्या ऊसवाल्यांचा जीव घुसमटला. 1899 साली व्हाइसरॉय कर्झनच्या सरकारने तिच्यावर भरपाईचा जकात कर बसवला. बक्षिसी वाढवायची एकाने, मग दुसऱ्याने, आणि थांबायला कोणी तयार नाही. 1864 आणि 1888 मध्ये एकत्र बसून पाहिलं, जमलं नाही. शेवटी 5 मार्च 1902 रोजी ब्रुसेल्सला करार झाला. बक्षिसी बंद करायची, जो बाहेरचा देश देईल त्याच्या साखरेवर सगळ्यांनी मिळून जादा कर लावायचा आणि लक्ष ठेवायला कायमची समिती नेमायची. सार्वभौम सरकारांच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या समित्यांपैकी ही एक. ती शांततेच्या तत्त्वज्ञानासाठी जन्मलेली नव्हती, हिच्या भावासाठी जन्मली होती. म्हणूनच मला ती जास्त भरवशाची वाटते. हिशेब जुळतो म्हणून टेबलाशी बसलेला माणूस सहसा तावातावाने उठून जात नाही.

सहसा. कारण 1914 साली त्या टेबलाभोवतीचेच देश खंदकांत उतरले, आणि कोणाच्या साखरेने कोणाचा हात धरला नाही. हे तिच्या बाजूने बोलणाऱ्याने कबूल करायला हवं. देवघेव असली की युद्ध होत नाही, हे खरं नाही. मात्र त्या युद्धानंतर आणि पुढच्या दुसऱ्या महायुद्धानंतर ती पुन्हा बोलायलाच बसली. 1931 ला ब्रुसेल्स, 1937 ला लंडन, 1953 ला पुन्हा लंडन. 1937 च्या करारात भारताच्या नावाने इंग्रज सरकारने मान्य केलं की ब्रह्मदेश सोडून कुठेही समुद्रमार्गे साखर पाठवणार नाही. त्याच सुमाराला भवानीनगरजवळ कळंबला वालचंद हिराचंदांचा कारखाना उभा राहून धूर सोडू लागला होता. इथली साखर पोत्यात भरत होती आणि तिच्या वतीने सही करणारा दुसराच होता. टेबलाशी आपली खुर्ची असणं किती महत्त्वाचं, हे ती तेव्हापासून विसरलेली नाही.

म्हातारपणाकडे झुकतानाही तिने एकदा जगाला घाम फोडला. क्यूबाची निम्मी-अर्धी साखर अमेरिका घेई. 1960 च्या फेब्रुवारीत सोविएत नेते मिकोयान हवानाला जाऊन वर्षाला दहा लाख टन साखर घेण्याचा करार करून आले. जुलैमध्ये आयझेनहॉवरने क्यूबाचा कोटा कापला. तेल, साखर, कारखाने असं एकातून एक वाढत गेलं आणि 1962 च्या ऑक्टोबरात त्या उसाच्या बेटावर अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं उभी होती. 16 ते 28 ऑक्टोबर, तेरा दिवस. या वेळी बेट जिंकायला आरमार सोडून चालणार नव्हतं. जिंकणाऱ्याचीही शहरं उरली नसती. ख्रुश्चेव आणि केनेडी यांनी एकमेकांना पत्रं लिहिली, एकाने क्यूबातली क्षेपणास्त्रं काढली, दुसऱ्याने गाजावाजा न करता तुर्कस्तानातली काढली. 1963 च्या जूनमध्ये जिनिव्हाला दोन राजधान्यांमध्ये थेट संदेशवाहिनी टाकायचा करार झाला. मोठ्या राष्ट्रांनी मोठं युद्ध टाळायला सुरुवात केली त्यामागे हे साधं गणित आहे. 1763 मध्ये हरणाऱ्याचा मुलूख जात होता, 1962 मध्ये दोघांचंही सगळं गेलं असतं.

त्याच ऑक्टोबरात चीनने आपल्या सीमेवर हल्ला केला आणि महिन्याभरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सहकारी साखर कारखान्यांमागे उभा राहिलेला हा माणूस. 1965 च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात फौजेचा कारभार त्यांच्याकडे होता आणि 1966 च्या जानेवारीत तहासाठी पंतप्रधान शास्त्रीजींबरोबर ताश्कंदलाही तेच होते. लढाईचा खर्च ज्याने फायलीत पाहिलेला असतो, त्याने तहाच्या बैठकीत असावं, हे मला योग्य वाटतं.

घरी तिचं वागणं कसं आहे म्हणाल तर तिखट, पण आता बोलण्याला तयार. भवानीनगरचा ऊस नीरा डाव्या कालव्यावर जगतो. हा कालवा 1885 चा, दुष्काळी पट्ट्याला पाणी द्यायला काढलेला. नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णेच्या पाण्यावर तीन राज्यांचं भांडण होतं. 1969 साली न्या. बच्छावत यांच्या लवादापुढे ते गेलं. महाराष्ट्राला 560 टीएमसी, कर्नाटकाला 700, आंध्रला 800 असा वाटा ठरला. त्यावर आजही कुरबुर आहे, आणखी एक लवाद झाला, पण बांध फोडायला कोणी फौज घेऊन गेलं नाही. जगात पाण्यावरून माणसं कापली जात असताना ही गोष्ट छोटी नाही.

दरावरून मात्र रस्ते पेटले आहेत. ट्रॅक्टरच्या टायरांतली हवा सोडणं, उसाच्या गाड्या अडवणं हे या पट्ट्याने भरपूर पाहिलं. 2011 च्या नोव्हेंबरात शेतकरी नेते राजू शेट्टी पंढरपूरहून बारामतीला पदयात्रा घेऊन आले आणि उपोषणाला बसले. सरकारला मध्ये पडून दर ठरवावा लागला. दर वर्षी हेच करायचं का, या प्रश्नाला उत्तर म्हणून 2013 साली कायदा झाला आणि ऊस दर नियंत्रण मंडळ आलं. साखर आणि तिच्यापासून निघणाऱ्या मळी-बगॅसच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा शेतकऱ्याचा, हे सूत्र आणि ते तपासायला शेतकऱ्यांचे व कारखानदारांचे प्रतिनिधी एका टेबलाशी. कोयता घेणाऱ्या तोडणी कामगाराला त्या टेबलाशी जागा नाही. बीड-नगरकडून येऊन थंडीत पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या या माणसांची मजुरी संप आणि त्यानंतरच्या स्वतंत्र वाटाघाटींत ठरते. हिच्या सगळ्या तहांत कायम दाराबाहेर राहिलेला पक्ष हाच आहे आणि याची बोच तिला असायला हवी.

सध्या तिचा मुक्काम जिनिव्हाला आहे. म्हणजे देह गोदामात, खटला तिकडे. 2019 साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वातेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की भारत उसाला भाव बांधून देतो आणि साखरेच्या निर्यातीला मदत करतो, त्यामुळे आमचा बाजार मोडतो. म्हणजे आपल्या गावच्या उसाची एफआरपी, सरकारने बांधलेला किमान दर, जिनिव्हाच्या सभागृहात वाचली गेली! भारताने सांगितलं, ही रक्कम सरकार देत नाही, कारखाने देतात. 14 डिसेंबर 2021 ला आलेल्या निकालात हे म्हणणं मान्य झालं नाही. 2014-15 ते 2018-19 या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना मर्यादेपेक्षा जास्त आधार दिला, असं ठरलं. भारताने त्यावर अपील केलं. त्या अपिलाची सुनावणी करणारं मंडळ डिसेंबर 2019 पासून बंद पडलेलं आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. सात जणांच्या मंडळात कोणी नाही. खटला तसाच.

ऊसवाल्याच्या बाजूने बघितलं तर हे अडकणं सोयीचं आहे, हे मला कळतं. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यासाठी टनाला 3550 रुपये एफआरपी ठरली आणि तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय राहतं हे भवानीनगरच्या कोणत्याही सभासदाला विचारा. त्याचा भाव परक्या माणसाने कापावा असं मी कधी म्हणणार नाही. तरी ते मंडळ बंद राहावं असंही म्हणवत नाही. अशी मंडळं मोडली की तक्रार संपत नाही, ती बक्षिसीच्या आणि जादा करांच्या जुन्या चढाओढीकडे परत जाते. लहान देशाला तिथे कोणी विचारत नाही. ग्वातेमाला भारताला आव्हान देऊ शकला तो या व्यवस्थेमुळेच.

आणि तिची आणखी एक सवय सांगायची राहिली. भांडणाऱ्यांशी ती एकाच वेळी दुसऱ्या दारातून बोलते. जिनिव्हात ज्या ब्राझीलने तिच्यावर दावा लावला, त्याच ब्राझीलला सोबत घेऊन सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या जी-20 परिषदेत जैवइंधनांची जागतिक आघाडी सुरू झाली. उसाच्या रसातून इथेनॉल काढून गाड्या चालवण्याचा ब्राझीलचा अनुभव पन्नास वर्षांचा आहे, आणि आपल्याकडे रस इथेनॉलला वळवला की तेवढी साखर कमी होते, निर्यातीची घाई कमी होते, म्हणजे तक्रारीचं मूळच बारीक होतं. आंतरराष्ट्रीय साखर संघटनेचं 2024 चं अध्यक्षपदही भारताकडे होतं. जिनिव्हातल्या खुर्च्या भरायला वेळ लागेल. तोवर दिल्ली आणि ब्राझिलिया यांनी हा दावा आपसांत बसून मिटवावा, आणि त्या बैठकीला एखाद-दोन माणसं तरी गव्हाणीपाशी उभं राहून वजनाची पावती घेतलेली असावीत.